शेजारच्या खोलीतली वीज

३ मे १९६९, शनिवार. राष्ट्रपती भवनात सकाळी डॉक्टर आले होते, नेहमीच्या तपासणीसाठी. डॉ. झाकिर हुसेन त्यांना बसवून न्हाणीघराकडे गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दार उघडले तेव्हा राष्ट्रपती खाली कोसळलेले होते. देशाच्या पहिल्या नागरिकाच्या घरात, डॉक्टर भिंतीपलीकडे बसलेले असताना त्यांचे हृदय थांबले, आणि ते पुन्हा चालू झाले नाही. पदावर असताना निधन पावलेले ते भारताचे पहिले राष्ट्रपती.

त्याआधी सव्वातीन वर्षांपूर्वी, ११ जानेवारी १९६६ च्या अपरात्री, ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींना त्रास सुरू झाला. ते स्वतः चालत आपल्या डॉक्टरांना शोधत गेले. डॉ. आर. एन. चुग दिल्लीहून सोबत आलेले होते, आणि शास्त्रीजींचे हृदय आधीच दुखावलेले आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी प्रयत्नांची शर्थ केली, पण काही मिनिटांत सगळे आटोपले. त्या मृत्यूभोवती पुढे शंकांचे जाळे विणले गेले. अधिकृत कारण मात्र हृदयविकाराचेच राहिले. ११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेही हृदयविकाराने.

विजेच्या एका झटक्याने हे तिघे वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पन्नास-साठ वर्षांनी असे निदान करणे हा त्यांच्यावर आणि त्यांच्या डॉक्टरांवरही अन्याय होईल. तरीही दिल्लीच्या हृदयांचा इतिहास लिहायला बसले की मला पहिल्यांदा हीच माणसे आठवतात. डॉक्टर, मोटार, टेलिफोन, मदतीला धावणारी माणसे, यांतले काहीही त्यांना कमी नव्हते. राष्ट्रपती भवनापासून तेव्हाचे विलिंग्डन, म्हणजे आताचे राममनोहर लोहिया रुग्णालय, हाकेच्या अंतरावर आहे. पण त्या काळात हृदयाला झटका देणारे यंत्र हाकेच्या अंतरावरही दूरच होते. ते रुग्णालयाच्या आत, चाकांच्या जड गाड्यावर, भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवण्याची वस्तू होती.

इथे आपल्या भाषेतली एक अडचण सांगायला हवी. मराठी वर्तमानपत्रांत माणूस नेहमी ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ जातो. हा झटका म्हणजे हार्ट अटॅक: हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते आणि तिच्या पुढचा स्नायू उपाशी पडतो. असा माणूस बोलत असतो, घामाघूम झालेला असतो, कधी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो. हृदय बंद पडणे, म्हणजे कार्डिअॅक अरेस्ट, ही निराळी गोष्ट. तिथे माणूस धाडकन कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा नुसते आचके येतात. पहिली गोष्ट पुष्कळदा दुसरीला जन्म देते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. आणि दुसरीवरचा उपायही ‘झटका’च, विजेचा! एकच शब्द रोगाला, मरणाला आणि औषधालाही. याने आपले बरेच नुकसान झाले आहे असे मला मनापासून वाटते.

अशा वेळी हृदयाच्या आत काय होते ते गणपतीतल्या ढोलपथकावरून कळेल. एकाचा ताल चुकला, त्याचे ऐकून दुसऱ्याचा, आणि क्षणात पन्नास ढोल पन्नास तऱ्हांनी वाजू लागले. आवाज प्रचंड, ताल शून्य. हृदयाचे तंतू असेच ज्याचे त्याचे थरथरू लागतात. याला फिब्रिलेशन म्हणतात. हृदय वळवळत असते, पण रक्त पुढे जात नाही. अशा वेळी पथकप्रमुख शिट्टी मारून सगळ्यांना एकदम थांबवतो, आणि त्या शांततेत ताशावाला पुन्हा उचल घेतो. डिफिब्रिलेटरचे काम त्या शिट्टीचे. तो हृदय चालू करत नाही, क्षणभर पूर्ण गप्प करतो. मग हृदयातला मूळचा ताशावाला, वरच्या उजव्या कप्प्यातली पेशींची गाठ, स्वतःहून ताल धरते. म्हणूनच सिनेमात सरळ झालेल्या रेघेवर शॉक देतात ते चूक. ढोल जिथे वाजतच नाहीत तिथे शिट्टी काय करणार?

ही शिट्टी फार लवकर वाजावी लागते. छाती दाबायला कोणी नसेल तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. चार-पाच मिनिटांनी मेंदू दगावू लागतो. दहा मिनिटांनी हातात फारसे उरत नाही. दिल्लीत संध्याकाळी सहा वाजता आश्रम चौकात किंवा आयटीओच्या सिग्नलला जो उभा राहिला आहे, त्याला दहा मिनिटे म्हणजे काय ते सांगायला नको.

गंमत म्हणजे या यंत्राचा पाठपुरावा आधी विजेच्या कंपन्यांनी केला. अमेरिकेत खांबांवर चढणारे लाइनमन शॉक लागून मरत होते. ते का मरतात याचा शोध बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन घेऊ लागले. ते डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. जी वीज हृदयाचा ताल बिघडवते तीच तो परत आणू शकते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले. १९४७ मध्ये क्लीव्हलंडला क्लॉड बेक या सर्जनने चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या छातीत, थेट हृदयाला चकत्या लावून ताल परत आणला. माणसावर यश आले ते पहिल्यांदा. छाती न उघडता बाहेरून झटका देण्याचे काम १९५६ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी प्रसिद्ध केले.

मग एक अकल्पित गोष्ट घडली. कौवेनहोवन यांच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या लक्षात आले की विजेच्या जड चकत्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाबाची सुई हलते. वीज सोडण्याआधीच! त्यातून १९६० मध्ये छाती दाबण्याची पद्धत जगापुढे आली. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो त्याचा हा गाभा विजेच्या यंत्राच्या वजनातून सापडला आहे. हात आणि यंत्र एकाच घरात जन्मले. पुढे दिल्लीत या दोघांची ताटातूट झाली, ती गोष्ट येईलच.

१९६२ च्या सुमारास बर्नार्ड लाउन यांनी घरगुती विजेऐवजी साठवलेली एकदिश वीज वापरली. हृदयाला ती कमी घातक होतीच, पण दुसरा फायदा माझ्या दृष्टीने मोठा. वीज साठवता येते म्हटल्यावर भिंतीतल्या प्लगची गरज सरली. यंत्र बॅटरीवर चालू शकत होते. म्हणजे ते दाराबाहेर पडू शकत होते.

दिल्लीची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती एका बाईंची आहे. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती १९१७ मध्ये ब्रह्मदेशात जन्मल्या, रंगूनला डॉक्टर झाल्या. जपानी सैन्य आले तेव्हा १९४२ मध्ये आई-बहिणींसह तिथून निघून त्या कोईमतूरला पोचल्या. युद्ध संपल्यावर इंग्लंड, मग स्वीडन, मग अमेरिका. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या हेलन टॉसिग यांच्या हाताखाली शिकल्या. कौवेनहोवन यांचीही संस्था तीच. हार्वर्डला पॉल डडली व्हाइट यांच्याकडे शिकल्या. १९५३ मध्ये दिल्लीत परतून लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या आणि १९५४ मध्ये तिथे त्यांनी हृदयरोगाचा दवाखाना सुरू केला. उत्तर भारतातला तो पहिला. बायकांच्या रुग्णालयातून उत्तरेची हृदयचिकित्सा सुरू झाली, हे मला फार आवडते.

१९६६ हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून पाहावे. जानेवारीत शास्त्री गेले. त्याच जानेवारीत, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला, फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी रुग्णवाहिकेत डिफिब्रिलेटर बसवून ती गाडी रस्त्यावर आणली. यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, वजन सुमारे सत्तर किलो. पँट्रिज यांचे म्हणणे सरळ होते: माणसे रुग्णालयात पोचण्याआधी मरतात, तर रुग्णालयाने त्यांच्यापर्यंत जावे. आणि त्याच वर्षी हृदयरोगतज्ज्ञांची पाचवी जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली. तिची मोट बांधणाऱ्या पद्मावतीच होत्या. दुसऱ्या वर्षी त्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्याच्या शेजारचे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय १९६४ मध्ये सुरू झाले होते. तिथे त्यांनी हृदयरुग्णांसाठी अतिदक्षता विभाग उभा केला आणि रुग्णाच्या घरापर्यंत जाणारी खास गाडीही काढली, कॉरोनरी केअर व्हॅन. देशातली पहिली म्हणून तिची नोंद आहे.

म्हणजे वीज रुग्णालयाच्या दाराबाहेर काढण्याची कल्पना दिल्लीला उशिरा सुचली, असे अजिबात नाही. ती पद्मावतींच्या हयातीत, त्यांच्या हातून या शहरात आली होती. पण एका गाडीची व्यवस्था व्हायला आणखी शेकडो गाड्या, त्यांना बोलावणारा एक क्रमांक आणि पहिली पाच मिनिटे सांभाळणारी सामान्य माणसे लागतात. बेलफास्टची गाडी पुढे अमेरिकेत गेली, तिथल्या अग्निशमन दलांनी ती उचलली. दिल्लीत ती अपवादच राहिली. दिल्ली सरकारने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णवाहिकांची जी सेवा उभी केली, तिचे नावच पाहा: केंद्रीकृत अपघात व आघात सेवा, लोकांच्या तोंडी ‘कॅट्स’. नावात अपघात आहे, हृदय नाही. सेवेने पुढे सगळ्यांनाच उचलले, पण शहराने मनात काय धरले होते ते त्या नावात उमटले आहे. रस्त्यावर सांडलेले रक्त दिसते. घरात निपचित पडलेल्या माणसाला लोक ‘देवाघरी गेला’ म्हणून मोकळे होतात.

दरम्यान यंत्र लहान होत गेले. १९६८ पर्यंत पँट्रिज यांनी ते तीन किलोंच्या आसपास आणले. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत असे यंत्र आले की जे हृदयाचा ताल स्वतः वाचते, झटका द्यायचा की नाही ते स्वतः ठरवते. हेच आजचे एईडी. दोन चिकट पॅड, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरे डाव्या बगलेच्या खाली. झाकण उघडले की ते बोलू लागते. गरज नसेल तर बटण दाबूनही ते वीज सोडत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात देण्यासाठीच ते बनवले आहे. शिकागोच्या विमानतळांवर १९९९ पासून ही यंत्रे अशा बेताने टांगली की झपाझप चालत साठ ते नव्वद सेकंदांत एखादे हाताशी यावे. दोन वर्षांत तिथे २१ माणसांचे हृदय अचानक बंद पडले. त्यांतल्या १८ जणांचे फिब्रिलेशन होते आणि ११ जण वाचले. त्या ११ पैकी सहा जणांना यंत्र लावणाऱ्यांनी ते चालवण्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन खाली ठेवून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

मराठी माणसाला दिल्ली आणि बंद पडलेले हृदय म्हटले की ३ जून २०१४ ची सकाळ आठवते. विमानतळाकडे निघालेले गोपीनाथ मुंडे, चौकातला अपघात, एम्सचे ट्रॉमा सेंटर. डॉक्टरांनी बराच वेळ त्यांची छाती दाबून पाहिली. ७ वाजून २० मिनिटांनी ते गेल्याचे जाहीर झाले. ‘हृदय बंद पडले’ हेच शब्द तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत पोचले आणि पुष्कळांनी तो हृदयविकारच समजला. शवविच्छेदनात मात्र यकृताला झालेली जखम, आतला रक्तस्राव आणि मानेची इजा निघाली. शरीरात रक्तच उरत नाही तेव्हा हृदय थांबते ते निराळ्या कारणाने, आणि तिथे विजेची शिट्टी उपयोगी नाही. हे दुःख उकरून काढायचे म्हणून लिहीत नाही. त्या दिवसाने आपल्या मनात जी गल्लत पक्की केली, ती सोडवणे मला गरजेचे वाटते. यंत्र भिंतीवर असते ते त्या दुसऱ्या माणसासाठी, जो धडधाकट दिसत होता आणि बोलता बोलता पडला. ३१ जानेवारी २०१७ ला राष्ट्रपतींचे अभिभाषण चालू असताना खासदार ई. अहमद असेच संसदेत कोसळले, आणि त्या रात्री लोहिया रुग्णालयात गेले.

यंत्र महाग आणि दुर्मीळ, तर हात तरी शिकवू, असे दिल्लीत एका डॉक्टरने ठरवले होते. डॉ. के. के. अग्रवाल. त्यांचे वैद्यकीय शिक्षण वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे, म्हणजे खादी घालून, गावात शिबिर करून झालेले. वैद्यकी रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर न्यायची ओढ त्यांना तिथूनच लागली असावी, असा माझा अंदाज. हार्ट केअर फाउंडेशन ऑफ इंडिया ही त्यांची संस्था. शाळा, पोलीस, मेळे, जिथे माणसे जमतील तिथे ते छाती दाबायला शिकवत. त्यांचा दहाचा मंत्र दिल्लीकरांना पाठ होता: माणूस कोसळल्यापासून दहा मिनिटांच्या आत सुरू करा, निदान दहा मिनिटे करा, मिनिटाला दहा गुणिले दहा म्हणजे शंभर वेळा दाबा. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याचा संकोच त्यांनी बाजूलाच काढला. पुढे २०१७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य लोकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आली, तीही नुसती छाती दाबण्याचीच.

हाताने वेळ मिळतो, ताल मात्र क्वचितच परत येतो. दाबत राहिले की मेंदूला थोडे रक्त जात राहते आणि फिब्रिलेशन निस्तेज व्हायला उशीर लागतो. शिट्टी शेवटी विजेनेच वाजते. कौवेनहोवन यांच्या घरी एकत्र जन्मलेल्या दोन गोष्टींतली एकच दिल्लीच्या गल्लीपर्यंत पोचली, असे मी वर म्हटले ते यासाठी. २०१९ मध्ये एम्स आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ‘मिशन दिल्ली’ सुरू केले: एम्सभोवतीच्या तीन किलोमीटरच्या परिघात मोटरसायकलवरून प्रशिक्षित परिचारक धाडायचे, जागेवर ईसीजी काढायचा, गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे. वाहतुकीत अडकणाऱ्या चार चाकांऐवजी दोन चाके. पद्मावतींच्या गाडीची ही नात म्हणायला हवी. पण तीही येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात.

१७ जुलै २०२४ ला दिल्ली विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवर खाण्याच्या जागेत एक वयस्क प्रवासी कोसळले. तिथून जाणाऱ्या एका डॉक्टर बाई गुडघ्यांवर बसल्या, छाती दाबू लागल्या आणि पाचेक मिनिटांत ते शुद्धीवर आले. चित्रफीत देशभर पाहिली गेली. विमानतळावर आणि मेट्रोच्या स्थानकांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनीही असे प्रवासी वाचवले आहेत. अशा ठिकाणी जवान शिकलेले असतात, माणसे डोळ्यांसमोर पडतात. करोल बाग, पहाडगंज, मयूर विहार इथल्या तिसऱ्या मजल्यावर यातले काही नसते, आणि बहुतेक हृदये घरातच थांबतात.

लोक पुढे का येत नाहीत? एक भीती पोलिसांची. दिल्लीतल्याच सेव्हलाइफ फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयात लढून २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळवले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. पण ते वाहनाच्या अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यांसाठी. जिन्यात कोसळलेल्या शेजाऱ्याच्या छातीवर पॅड लावणाऱ्याचे नाव त्यात नाही. पुन्हा अपघात आहे, हृदय नाही.

पद्मावती २९ ऑगस्ट २०२० ला गेल्या, १०३ वर्षांच्या होऊन, १९८१ मध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये. अग्रवाल १७ मे २०२१ ला, ६२ व्या वर्षी, आजारातही लोकांशी बोलत. दोघांनाही करोनाने नेले. शहराला गाडी देणारी आणि हात देणारा, दोघे नऊ महिन्यांच्या अंतराने.

मी नोएडात राहते. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून एईडी घेतले, लाखाच्या आसपास गेले. फाटकाजवळच्या चौकीत, कपाटात, चोरीच्या भीतीने कुलूप लावून ठेवले. चावी सुपरवायझरकडे, आणि रात्री तो घरी. परवा झाकण उघडून पाहिले तर पॅडची तारीख उलटलेली. आतला ओलसर थर वाळला की ते कातडीला धड चिकटत नाहीत. कपाट पत्र्याचे, पश्चिमेच्या उन्हात, आणि मे महिन्यातली इथली दुपार अशा यंत्राला सोसवणारी नाही. मग घड्याळ लावून मी शेवटच्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यापासून चौकीपर्यंत गेले आणि परत आले. लिफ्टसाठी थांबले ते धरून अकरा मिनिटे. शिकागोचे साठ-नव्वद सेकंद आठवत मी जिन्यातच बसले.

बैठकीत हे सांगितले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पांडेजींनी, वय ७८, एकच विचारले, “बेटी, एक मशीन से क्या होगा?” नवे पॅड मागवले आहेत. यंत्र येत्या रविवारी मधल्या इमारतीच्या जिन्यापाशी, सावलीत, काचेच्या पेटीत जाईल. पेटीला कुलूप नाही. पांडेजींच्या प्रश्नावर दुसऱ्या यंत्राची वर्गणी सुरू झाली आहे, आणि सहा पहारेकऱ्यांना छाती दाबायला शिकवायला शनिवारी सकाळी सात वाजता एक परिचारिका येणार आहे. रात्रपाळी सुटायच्या आधी.